पीएफडीवर नवा, एमएफडीवर जुना: सामायिक विमानातल्या डेटाबेसचा दर २८ दिवसांचा घोळ

लक्षण असं. विमान बारामतीला उभं, भागीदार चार, चौघंही पुण्यात राहणारे. शनिवारी सकाळी पहिला भागीदार बॅटरी चालू करतो आणि पीएफडीच्या, म्हणजे पायलटसमोरच्या मुख्य डिस्प्लेच्या, उजव्या खालच्या कोपऱ्यात अलर्टची सॉफ्टकी (डिस्प्लेच्या खालच्या कडेचं बटण) लुकलुकायला लागते. उघडून पाहावं तर ‘डीबी मिसमॅच’: नॅव्हिगेशन डेटाबेस जुळत नाही, एक्सटॉक (दोन डिस्प्लेंमधली देवाणघेवाण) बंद. ग्रुपवर मात्र ‘अपडेट झालं’ असा कुणाचा तरी निरोप पडलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कार्ड गेलंय, स्लॉट गेलाय, युनिट दुरुस्तीला पाठवू या, इथपर्यंत चर्चा पोचते.

युनिट क्वचितच गेलेलं असतं. बहुतेक वेळा काम अर्धं झालेलं असतं, आणि ते अर्धंच झालंय हे करणाऱ्यालाही कळलेलं नसतं. खाली दिलेलं सगळं गार्मिन जी१००० ही डिस्प्लेंची यंत्रणा बसवलेल्या सेसना १७२एसला धरून आहे. जीएनएस ४३०डब्ल्यूसारख्या जुन्या युनिटबद्दल शेवटाकडे थोडक्यात. जी१०००च्या सॉफ्टवेअर आवृत्तीनुसार सॉफ्टकींची नावं आणि क्रम बदलतो, तेव्हा तुमच्या आवृत्तीचं पायलट गाइड शेजारी असू द्या.

हा संदेश नेमका काय सांगतो

जी१०००मध्ये एकच सामायिक डेटाबेस असतो अशी समजूत आहे, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पीएफडी आणि एमएफडी (नकाशे वगैरे दाखवणारा मधला डिस्प्ले) हे दोन स्वतंत्र संगणक आहेत. दोघांच्या पोटात नॅव्हिगेशन डेटाबेसची आपापली प्रत असते. जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका डिस्प्लेवर चढवलेला डेटा दुसऱ्याकडे आपणहून जात नाही. दोन्हीकडे वेगवेगळं चक्र, म्हणजे डेटाची दर २८ दिवसांनी येणारी आवृत्ती, दिसलं की यंत्रणा दोघांमधली देवाणघेवाण तोडते. म्हणजे एमएफडीवर बनवलेला फ्लाइट प्लॅन पीएफडीवर येत नाही. डाव्या सीटवरचा माणूस एक मार्ग पाहतोय आणि मधल्या डिस्प्लेवर दुसराच, ही स्थिती दोन्ही डिस्प्लेंवर सारखाच जुना डेटा असण्यापेक्षा वाईट. जुना डेटा निदान पिवळ्या तारखेने ओरडून सांगतो की मी जुना आहे, आणि दोन्हीकडे एकच उत्तर देतो.

त्यामुळे कार्डाला हात लावण्याआधी कुठे काय आहे ते पाहा. एमएफडीवर एफएमएसचा मोठा नॉब फिरवून ‘ऑक्स’ गटात जा, छोट्या नॉबने शेवटच्या ‘सिस्टिम स्टेटस’ पानावर. तिथे डेटाबेसची चौकट आहे. आधी एमएफडी१ डीबी दिसतो, सॉफ्टकी दाबून पीएफडी१ डीबी पाहा. दोन्हींचे प्रदेश, चक्र क्रमांक, लागू तारीख आणि मुदत संपण्याची तारीख कागदावर उतरवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. पॉवर-अपच्या वेळी एमएफडीवर जी माहिती झळकते ती बघून लोक ईएनटी (एंटर) दाबतात आणि पुढे जातात. अर्धवट अपडेट तिथेच निसटतं, कारण ‘चक्र नवीन दिसलं’ एवढ्यावर समाधान होतं.

त्याच पानावर वरच्या भागात सिस्टिम आयडी आहे. तोही उतरवून ठेवा, पुढे लागणार आहे.

‘दर महिन्याला’ हे गणितच चुकीचं

एअरॅक, म्हणजे हवाई माहिती बदलण्याच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकाचं, चक्र २८ दिवसांचं असतं आणि नेहमी गुरुवारी बदलतं. वर्षात १२ नव्हे, १३ चक्रं बसतात. २०२६ मध्ये २६०५ (म्हणजे २०२६ मधलं पाचवं) हे चक्र १४ मे रोजी, २६०६ हे ११ जूनला, २६०७ हे ९ जुलैला. ऑक्टोबर २०२६ बघा: २६१० लागू होतं १ ऑक्टोबरला आणि २६११ होतं २९ ऑक्टोबरला. ‘ऑक्टोबरचं झालंय’ म्हणून निर्धास्त राहणारा भागीदार महिनाअखेर अडकणार. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ‘दर महिन्याची १० तारीख’ अशी आठवण लावली असेल तर ती आत्ताच काढा आणि ‘दर ४ आठवड्यांनी, गुरुवार’ अशी लावा.

या गुरुवारांना काय बदलू शकतं याचं उदाहरण पुण्याजवळचंच आहे. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाला. तो गुरुवार होता, आणि २५१३ चक्र लागू होण्याचा दिवस. पुण्याहून पश्चिमेला जाणाऱ्याला त्याआधीच्या डेटाबेसवर विसंबणं परवडणारं नव्हतं.

वेळेची एक बारीक गोष्ट. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चक्र शून्य यूटीसीला, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, लागू होतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. डिस्प्लेवरची तारीखही यूटीसीने चालते. गुरुवारी भल्या पहाटे, साडेपाचच्या आत कुणी बॅटरी चालू केली तर यंत्रणेच्या लेखी अजून बुधवारच असतो. ‘नवीन टाकलं तरी अजून लागू नाही म्हणतंय’ या तक्रारीचं कारण कधीकधी एवढंच.

दुसरा घोळ घाईचा. नवं चक्र लागू होण्याच्या काही दिवस आधीच उतरवून घेता येतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये स्टँडबाय (पुढचं चक्र राखून ठेवणाऱ्या) डेटाबेसची सोय नाही, तिथे नवं चढवलं की चालू चक्र पुसलं जातं. रविवारी हौसेने पुढचं चक्र टाकून ठेवलं, तर सोमवार ते बुधवार विमानात अजून लागू न झालेला डेटा. तुमच्या यंत्रणेत स्टँडबाय आहे का हे त्याच ‘सिस्टिम स्टेटस’ पानावर कळतं: डेटाबेसच्या चौकटीत सक्रिय नोंदीबरोबर स्टँडबायची वेगळी ओळ असेल तर आहे. असेल तर आधी टाकून ठेवायला हरकत नाही. लागू तारखेनंतरच्या पॉवर-अपला यंत्रणा स्वतः बदल करते आणि ‘सक्रिय नॅव्हिगेशन डेटाबेस बदलला’ असा संदेश देते. मात्र हा स्टँडबाय खालच्या स्लॉटमधल्या कार्डांवर राहतो, त्यामुळे ती कार्डं जागेवर हवीतच.

स्टँडबाय नसेल तर सगळ्यात सुटसुटीत नियम म्हणजे: गुरुवारनंतर जो पहिला उडणार, त्याने त्याच सकाळी दोन्ही डिस्प्ले अपडेट करायचे आणि त्यासाठी तास राखताना अर्धा तास जास्त धरायचा. शुक्रवारी संध्याकाळी ‘कुणीतरी जाऊन येईल’ ही व्यवस्था चालत नाही. सासवड-जेजुरी-मोरगाव मार्गे जा की पाटसवरून, शंभरेक किलोमीटर पडतात, आणि तो ‘कुणीतरी’ सापडत नाही.

कार्ड पुण्यात घरी तयार होतं, आणि तिथेच बिघडतं

कार्ड पूर्ण आकाराचं एसडी हवं. मायक्रोएसडी अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरू नका. त्यात संपर्काचे दोन जोड येतात आणि हादऱ्याच्या यंत्रात दुसरा जोड ही तक्रारीची जागा. जुन्या सॉफ्टवेअरला २ जीबीपर्यंतचंच कार्ड वाचता येतं. नव्याला ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी चालतं. ६४ जीबीचं एसडीएक्ससी कार्ड एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतं, ते सोडूनच द्या. फॉरमॅट फॅट३२. गार्मिनच्या पुस्तिकेत सँडिस्कची शिफारस आहे, ती पाळावी. स्वस्तात मिळणाऱ्या नकली कार्डांवर छापलेली क्षमता आणि खरी क्षमता यांचा मेळ नसतो, आणि ते कळतं शेवटची फाइल लिहिताना.

कार्डाच्या कडेला छोटी लॉकची सरकपट्टी असते. वारंवार आत-बाहेर केल्याने ती ढिली होते आणि कार्ड रीडरमध्ये घालतानाच ‘लॉक’कडे सरकते. मग लॅपटॉप म्हणतो लिहिता येत नाही. पट्टी ढिली झाली की कार्ड बदला, चिकटपट्टी लावून चालवू नका.

आता पुण्याची खास अडचण. चार भागीदारांतले किमान दोघं हिंजवडी किंवा खराडीच्या कंपनीत असतात आणि हाताशी असतो तो कंपनीचा लॅपटॉप. त्यावर बाहेरच्या कार्डावर लिहायला एकतर बंदी असते, नाहीतर लॅपटॉप कार्ड एन्क्रिप्ट केल्याशिवाय लिहू देत नाही. एन्क्रिप्ट झालेलं कार्ड लॅपटॉपवर अगदी व्यवस्थित उघडतं, फायली दिसतात, सगळं छान. जी१०००ला मात्र त्यात काहीच दिसत नाही, आणि ते तसं सांगतही नाही. ‘लॅपटॉपवर दिसतंय, विमानात दिसत नाही’ असं असेल तर पहिला संशय यावर घ्या. या कामाला घरचा लॅपटॉपच वापरा.

मॅकवरून कार्ड भरलं तर त्यावर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली पडतात. बहुतेक वेळा त्या निरुपद्रवी, पण अपडेट अडत असेल तर कार्ड फॉरमॅट करून विंडोजवरून एकदा भरून पाहा.

डेटा नेहमी पुरवठादाराच्याच प्रोग्रॅमने लिहायचा: गार्मिनचा असेल तर एव्हिएशन डेटाबेस मॅनेजर, जेपसनचा असेल तर जेपसन डिस्ट्रिब्यूशन मॅनेजर. एका भागीदाराने उतरवलेल्या फायली दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन स्वतःच्या कार्डावर चिकटवल्या, हा उद्योग चालत नाही. फाइल योग्य फोल्डरमध्ये, योग्य नावाने आणि तुमच्या सिस्टिम आयडीशी जोडलेली लागते. लिहून झाल्यावर कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढा. लिहिणं पूर्ण झाल्याचा संदेश आल्यावरही लॅपटॉप काही सेकंद मागे काम करत असतो.

विमानात: हे याच क्रमाने

१. विमान हँगरबाहेर काढा, म्हणजे जीपीएसला आकाश दिसेल आणि तारीख-वेळ खात्रीची मिळेल. शक्य असेल तर ग्राउंड पॉवर लावा. नसेल तर फक्त बॅटरीवर चालेल, पण ई बसवर (अत्यावश्यक उपकरणांच्या वीजवाहिनीवर) २४ व्होल्टच्या खाली आकडा असेल तर सुरूच करू नका. दिवे, पंखे बंद. अपडेट चालू असताना इंजिन सुरू करू नका. स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळतं आणि लिहिणं मध्येच तुटतं.

२. सगळं बंद असताना कार्ड पीएफडीच्या वरच्या स्लॉटमध्ये घाला. लेबल डावीकडे. खालच्या स्लॉटला हात लावायचा नाही.

३. मास्टरचा फक्त बॅटरीचा भाग चालू करा. पीएफडी उठतो आणि डेटाबेस अपडेट करायचा का असं विचारतो. प्रदेश, चक्र आणि तारखा वाचून मगच होकार द्या. मोजपट्टी भरत जाते. त्या वेळात काहीही दाबू नका.

४. यशस्वी झाल्याचा संदेश आला की बंद करा, कार्ड काढा, एमएफडीच्या वरच्या स्लॉटमध्ये घाला. आता बॅटरीबरोबर एव्हिऑनिक्स बस २ (विमानाच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुसरी वीजवाहिनी) पण लागेल, कारण १७२एसमध्ये एमएफडी त्या बसवर आहे. पुन्हा तेच प्रश्न, तोच होकार.

५. बंद करा, कार्ड काढा, सगळं पुन्हा चालू करा आणि ‘सिस्टिम स्टेटस’ पानावर दोन्ही डिस्प्लेंचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा.

अर्धवट अपडेट चौथ्या पायरीवर घडतं. पीएफडी झाला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं, कारण एमएफडीला अजून वीजच मिळालेली नसते, तो काळाच असतो, तक्रार करत नाही. बस २ चालू केल्याशिवाय एमएफडी काही विचारणार नाही. ज्यांच्याकडे दोन कार्डं आहेत त्यांनी दोन्ही वरच्या स्लॉटमध्ये आधीच घालून ठेवली तर काळा डिस्प्ले विसरण्याची शक्यता कमी होते: स्लॉटमध्ये कार्ड दिसतं, ते काढायला हात जातो आणि आठवतं.

कार्ड घातलं, पण डिस्प्ले काही विचारतच नाही

याची कारणं, आम्ही ज्या क्रमाने तपासतो त्या क्रमाने. कार्ड वीज चालू झाल्यावर घातलं का? प्रश्न फक्त पॉवर-अपला येतो, नंतर नाही. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये गेलं का? कार्डावरचं चक्र आणि आत असलेलं चक्र एकच आहे का? तसं असेल तर दुसऱ्या कुणीतरी आधीच अपडेट केलंय आणि निरोप द्यायला विसरलाय. सामायिक विमानात हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

ही तीन गेली की सिस्टिम आयडीकडे या. सदस्यत्व एका विमानाच्या एका यंत्रणेसाठी असतं. दुरुस्तीत डिस्प्ले बदलला किंवा त्याची अदलाबदल झाली की दुरुस्तीनंतर लगेच आयडी पाहा. तो बदलला असेल तर पुरवठादाराच्या खात्यावरही बदलावा लागतो. शेजारच्या विमानासाठीचं कार्ड ‘बघू चालतंय का’ म्हणून घालू नका. चालत नाही, आणि त्यात एक सकाळ जाते.

आयडी बरोबर असेल तर कार्डच. वर सांगितल्याप्रमाणे घरच्या लॅपटॉपवर नव्याने फॉरमॅट करून भरा. तरीही एक डिस्प्ले वाचतो आणि दुसरा वाचत नाही असं झालं तर कार्डं आलटून पालटून घाला. दोष कार्डाबरोबर फिरला तर कार्ड, डिस्प्लेबरोबर राहिला तर स्लॉट. स्लॉटमध्ये बहुधा कुणीतरी कागदी लेबल लावलेलं कार्ड घुसवलेलं असतं आणि लेबलचा कोपरा आत सुटलेला असतो. कार्डांवर परमनंट मार्करनेच लिहा, जाड स्टिकर नको. स्लॉटमध्ये चिमटा, पिन, काडी घालून खरवडणं अजिबात नाही, ते एव्हिऑनिक्सच्या माणसाचं काम.

अपडेट झालं, दोन्ही जुळले, आणि तरी व्हीएपीओ, म्हणजे लोहगाव, सापडत नाही? मग प्रदेश चुकलाय. अमेरिकेतून आलेल्या जुन्या विमानांच्या खात्यावर ‘अमेरिकाज’ प्रदेश तसाच राहिलेला असतो. यंत्रणा खुशाल तो चढवते, तारीखही नवी दाखवते, फक्त भारत त्यात नसतो. म्हणून अपडेटनंतर विमानतळाच्या पानावर व्हीएपीओ उघडून धावपट्टी १०/२८ दिसते का, हे दहा सेकंदांचं काम करूनच उठा.

खालच्या स्लॉटमधलं कार्ड

भूप्रदेश, अडथळे, टॅक्सीमार्गांचे नकाशे, चार्ट हे सगळं खालच्या कार्डांवर राहतं आणि तिथूनच वाचलं जातं. वरचं कार्ड निरोप्यासारखं, खालचं बिऱ्हाड करून राहिलेलं. खालचं कार्ड घरी नेलं आणि परत आणायला विसरलं की उडताना भूप्रदेशाचं पान रिकामं, टेरेन निकामी असल्याचा इशारा आणि चार्ट गायब. सह्याद्रीच्या बाजूला जाणाऱ्याला हे गमतीचं नाही.

पीएफडी आणि एमएफडीच्या खालच्या कार्डांवर भूप्रदेशाची आवृत्ती एकच हवी. ती वेगळी झाली तरी ‘डीबी मिसमॅच’च येतो, फक्त पुढे नॅव्हिगेशनऐवजी टेरेन लिहिलेलं असतं. संदेश शेवटपर्यंत न वाचता लोक नॅव्हिगेशन डेटाबेस दोनदा-तीनदा चढवत बसतात. टेरेनचा मिसमॅच असेल तर दोन्ही खालची कार्डं एकाच वेळी, एकाच लॅपटॉपवर, एकाच दिवशी भरा. भरण्याआधी त्यांची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा. चार्ट एका पुरवठादाराचे आणि बाकी दुसऱ्याचे असतील तर एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या फायली उडवू शकतो.

यांची चक्रंही वेगळी. अडथळ्यांचा डेटा ५६ दिवसांनी बदलतो, जेपसनचे चार्टव्ह्यू १४ दिवसांनी, भूप्रदेशाला ठरलेलं चक्र नाही. चार्टव्ह्यू मुदत संपल्यावर ७० दिवसांनी बंदच होतात, म्हणून ‘जुने आहेत पण दिसतायत ना’ हे कायम चालत नाही. आणि अडथळ्यांच्या डेटाबेसमध्ये एखादी पवनचक्की नाही म्हणजे ती जागेवर नाही असं नव्हे. साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर डोळ्यांनीच पाहायचं.

अपडेटनंतर जुने फ्लाइट प्लॅन रुसतात

साठवलेल्या फ्लाइट प्लॅनमधला एखादा बिंदू नव्या चक्रात काढून टाकला असेल तर तो ‘लॉक’ होतो आणि त्या प्लॅनवर उडता येत नाही. बिंदू सरकला असेल तर तसा वेगळा संदेश येतो. प्लॅनमध्ये जोडलेली अ‍ॅप्रोच (उतरण्याची ठरलेली पद्धत) किंवा एसआयडी (उड्डाणानंतर बाहेर पडण्याचा ठरलेला मार्ग) बदलली असेल तर प्लॅन तिथे छाटला जातो. यात अपडेटचा दोष नाही, उलट अपडेट काम करतंय. लॉक झालेला बिंदू काढा, नवा घाला, प्लॅन पुन्हा साठवा. सामायिक विमानात कुणाकुणाचे वीस-वीस प्लॅन पडून असतात, ते वर्षातून एकदा चौघांनी मिळून साफ करावेत. अ‍ॅप्रोच जोडूनच प्लॅन साठवायची सवय मोडा. निघायच्या दिवशी जोडावी, म्हणजे ती चालू चक्रातली असते.

मुदत संपलेल्या डेटाबेसवर उडायचं की नाही हा प्रश्न ग्रुपवर मतदानाने सोडवायचा नाही. विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमधल्या मर्यादांच्या भागात आयएफआरसाठी, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर उडण्यासाठी, काय अट आहे ते लिहिलेलं आहे, ते वाचा. व्हीएफआरलाही, म्हणजे बाहेर पाहून उडतानाही, लोहगावचा लष्करी हवाईतळ शेजारी असताना हवाई क्षेत्राच्या सीमा चालू एआयपी (अधिकृत हवाई माहिती पुस्तिका) आणि नोटॅमशी (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचनांशी) ताडूनच निघायचं, डिस्प्ले काहीही दाखवो.

जीएनएस ४३०डब्ल्यू असेल तर

इथे एसडी नाही, गार्मिनचं स्वतःचं डेटा कार्ड असतं आणि ते भरायला यूएसबीवर लागणारा खास प्रोग्रॅमर. डेटा कार्डावरच राहतो, युनिटच्या पोटात उतरत नाही, म्हणून कार्ड घरी म्हणजे विमानात डेटाबेस नाही. डाव्या स्लॉटमध्ये नॅव्हिगेशन, उजव्यात टेरेन. युनिट बंद असतानाच काढा-घाला. चारजणांत प्रोग्रॅमर एक असतो आणि तो ज्याच्याकडे असतो तोच परगावी असतो. या युनिटसाठी दुसरं डेटा कार्ड घेणं हाच उपाय: एक विमानात, एक घरी, दर चक्राला अदलाबदल.

खातं, पैसे, ओटीपी

आश्चर्य वाटेल, पण ‘नवं चक्र उतरतच नाही’ यामागे बरेचदा विमानाशी संबंध नसलेलं कारण असतं. सदस्यत्व एका भागीदाराच्या क्रेडिट कार्डावर, परदेशी संकेतस्थळावर, आपोआप नूतनीकरणाच्या भरवशावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांवरच्या आवर्ती वजावटीला प्रत्येक वेळी कार्डधारकाची वेगळी मंजुरी लागते. वर्षाचं सदस्यत्व त्याच्या वर जातं. मंजुरी मिळाली नाही की व्यवहार नाकारला जातो, सूचना एकाच माणसाच्या इमेलवर जाते आणि बाकीचे तिघं कार्डं फॉरमॅट करत बसतात. नूतनीकरण हाताने करा, मुदतीच्या १५ दिवस आधी, आणि त्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते आधी पाहा. खात्याला चौघांना उघडता येईल असा सामायिक इमेल पत्ता द्या. लॉगिनचा ओटीपी एकाच्याच मोबाइलवर जात असेल तर तो विमानात बसलेला असताना बाकीचे हात बांधून बसणार.

दर चक्राला जबाबदार माणूस एकच असावा, आळीपाळीने. १३ चक्रं, चार माणसं: प्रत्येकाच्या वाट्याला तीन, एकाच्या चार. चौथं कुणाला हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. इतरांनी त्या चक्रात कार्डाला हात लावायचा नाही, ‘मदत’ म्हणूनही नाही.

आणि विमानात, चेकलिस्टच्या पिशवीत, एक तक्ता. रकाने असे: चक्र क्रमांक, लागू तारीख, पीएफडी, एमएफडी, खालची कार्डं, व्हीएपीओ पाहिलं का, नाव, तारीख. पीएफडी आणि एमएफडीसाठी वेगळे रकाने मुद्दाम आहेत, आणि त्यात बरोबरची खूण नाही, ‘सिस्टिम स्टेटस’वर प्रत्यक्ष दिसलेला चक्र क्रमांक लिहायचा. बरोबरची खूण आठवणीवर करता येते, २६०७ हा आकडा पाहूनच लिहावा लागतो. ग्रुपवर ‘झालं’ असा निरोप न टाकता दोन्ही डिस्प्लेंचे फोटो टाका.

हे काम कुणी करायचं आणि कुठे नोंदवायचं ते विमानाच्या देखभाल कार्यक्रमात लिहिलेलं असतं. तिथे परवानाधारक अभियंत्याची सही सांगितली असेल तर ती घ्यायची, आणि टेक्निकल लॉगमधल्या नोंदीत चक्र क्रमांकाबरोबर दोन्ही डिस्प्लेंचा वेगवेगळा उल्लेख करायचा. जुनी कार्डं टाकून देऊ नका. मागच्या चक्राचं कार्ड तारीख लिहून घरी ठेवा, आणि विमानातल्या पिशवीत एक कोरं, फॅट३२ केलेलं कार्ड असू द्या. शनिवारी सकाळी बारामतीत एसडी कार्ड शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.